चंदगड कागदाबाहेर

"मामा, पन्हाळा बसंना झालाय कागदावर!"

भर दुपारी भाचीची हाक आली. शाळेच्या प्रकल्पासाठी रंकाळा ते पन्हाळा नकाशा काढायचा होता. प्रमाण तिनं टोपोशीटवरचं, म्हणजे सरकारी सर्वेक्षणाच्या नकाशावरचं, उचललेलं, १:५०,०००. म्हणजे किलोमीटरला २ सेंटीमीटर. अंतर सरळ रेषेत साधारण १७ किलोमीटर, म्हणजे ३४ सेंटीमीटर. ए-फोर कागद लांबीला २९.७. गड टेबलावर उतरलेला.

मी शहाणपणा शिकवला, "कागद तिरका धर. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ३६ भरतात."

"आणि उत्तर दिशा? ती पण तिरकी करू?"

गप्प बसलो. खरं तर या कामात मी तोंडच घालू नये. प्राथमिक शाळेत गुरुजींनी कोल्हापूर जिल्ह्याचा नकाशा काढायला सांगितला होता. आधी भागाकार, मग पेन्सिल, असं ते बजावायचे. पण दम कुणाला! मी वरून सुरुवात केली. शाहूवाडी ऐसपैस, पन्हाळा भाकरीएवढा. भोगावती, कुंभी, कासारी सगळ्यांना हौसेनं वळणं दिली. राधानगरीला पोचतोय तोवर कागद आटत आला. भुदरगड दाटीवाटीनं, आजरा चिमटीत, आणि चंदगडला जागाच नाही. (पाट्या रंगवणाऱ्यांचंही असंच होतं, 'किराणा' ऐटीत, 'भांडार' अंग चोरून.)

बाकावर शेजारी बसायचा तो नेमका चंदगडचा. मामाकडं शिकायला राहिलेला. बराच वेळ नकाशा बघून म्हणाला, "आमचं गाव कुठं हाय?"

मी कागदाखाली, बाकाच्या फळीवर बोट ठेवलं. तो काहीच बोलला नाही. मधल्या सुट्टीत डबाही वेगळा जाऊन खाल्ला.

संध्याकाळी वहीचं पान फाडलं आणि भाताच्या शितांनी खाली चिकटवलं. शितं वाळून तिथं टेंगळं आली. दुसऱ्या दिवशी त्याला दाखवलं, तर त्यावरून बोट फिरवत तो म्हणाला, "डोंगर बेस झाल्यात."

एवढ्यात भाचीनं १:१,००,००० धरलं. १७ सेंटीमीटर. "बसला की!"

"आणि खाली चंदगड?" माझ्या तोंडून गेलं.

"ते कशाला? आम्ही पन्हाळ्याला चाललोय, मामा."

तेही खरंच.