बारा का चौदा

परवा दुपारी जेवण झाल्यावर डोळे जड झालेले, समोर कुणाचं तरी बँक रिकन्सिलिएशन उघडं, तेवढ्यात आमची आर्टिकल (सीए व्हायचं तर ऑफिसात शिकाऊ म्हणून राबावं लागतं, ती) लॅपटॉप घेऊन दारात उभी. पुढच्या आठवड्यात तिची दोन वर्षं संपतायत, म्हटलं सही हवी असेल कशावर तरी. तर एक्सेल शीट. नवीन स्कीममधे आर्टिकलशिप संपून सहा महिने झाल्याशिवाय सीएच्या शेवटच्या परीक्षेला, फायनलला, बसताच येत नाही, म्हणजे किती अभ्यास करायचा याचा अर्धा निर्णय इन्स्टिट्यूटनेच घेऊन टाकलाय, उरलेला अर्धा हिने शीटमधे घेतला होता. 180 दिवस, त्यातून 15 दिवस 'आजारपण + लग्नं' वजा, रोज 12 तास, एकूण 1980, सहा पेपर, पेपरमागे 330. जेवणाला वीस मिनिटं. आंघोळीचा कॉलम मला काही सापडला नाही.

"मॅडम, बारा पुरतील का चौदा करू?"

मी आधी फॉर्म्युला तपासला (सवय, दुसरं काय), तो बरोबर होता, मग म्हटलं चहा सांग आधी.

या प्रश्नाला खरं उत्तर आजवर कुणी दिलेलं मला माहीत नाही. रँक काढणारे हसतमुख चेहऱ्याने म्हणतात, आठच तास, पण मन लावून. ज्यांचा ग्रुप (फायनलच्या पेपरांचे दोन गट, त्यातला एखादा) राहिलाय ते म्हणतात सोळा. आणि ज्या काकांचा अकाउंट्सशी संबंध लाईटबिलापुरता, ते लग्नाच्या पंगतीत जिलबी वाढून घेता घेता सांगतात की सीएला अठरा तास लागतात हो.

मला हे तास पहिल्यांदा कळले ते लहानपणी, नारायण पेठेतल्या आमच्या वाड्यात. समोरच्या माडीवरचा दादा सीए करायचा. म्हणजे काय करायचा ते आम्हाला माहीत नव्हतं, पण त्याचा दिवा रात्री दोन-दोन वाजेपर्यंत चालू असायचा आणि सकाळी नळावर त्याची चर्चा असायची, काल अडीचला बंद झाला, परवा पावणेतीन. नोव्हेंबरचा अटेम्प्ट असला की दिवाळीत आम्हा पोरांना फटाके घेऊन थेट नदीकाठी हाकलायचे, मे महिन्यात अंगणात क्रिकेट बंद, आंब्याच्या पेटीभोवतीसुद्धा हळू आवाजात भांडायचं. खूप वर्षांनी त्यानेच सांगितलं की साडेअकरानंतर तो टेबलावर डोकं ठेवून झोपायचा. दिवा चालू, कारण शेजारी काकू, त्याची आई, जाग्या बसलेल्या असायच्या, त्याला सोबत म्हणून, आणि त्यांच्यासमोर दिवा कसा बंद करणार. काकूंना दिसायचं नाही का? दिसत असणारच की. त्या वाती वळत बसायच्या. सात अटेम्प्ट झाले त्याचे, वाड्यातल्या सगळ्या देवांना त्या वाती पुरून वर लग्नाकार्याला द्यायला उरायच्या.

दादाने पुढे औषधांची एजन्सी घेतली, छान चाललंय त्याचं. मीच कशी काय त्या रस्त्याला लागले देव जाणे. अर्थात एक फायदा होता, तो नाकारत नाही. "सीए करतेय" म्हटलं की स्थळं आपोआप मागे सरकायची. ग्रुप झाला की बघू, दुसरा झाला की बघू. आईने तर शेवटी शेवटी कंटाळून मलाच विचारलं होतं, तुझे एकूण ग्रुप आहेत तरी किती?

माझा खरा छंद टाइमटेबल. अभ्यासापेक्षा मला ते करायला आवडायचं. जुन्या कालनिर्णयच्या जाड पुठ्ठ्यावर, चार रंगांची स्केचपेनं, फुटपट्टी, चॅप्टरला ए बी सी (पुण्यात एबीसी म्हणजे अप्पा बळवंत चौक, कॉस्टिंगमधे अ‍ॅक्टिव्हिटी बेस्ड कॉस्टिंग, अभ्यासात म्हणजे सी चॅप्टर सोडून द्यायचे), एक अख्खा दिवस त्यात जायचा आणि त्या दिवशी अभ्यास नाही, कारण टाइमटेबल व्हायचंय ना अजून. आणि ते सुरू सोमवारीच व्हायला पाहिजे. मंगळवारी एक तास चुकला की आठवडा बाद, पुढचा सोमवार. एक तारीख सोमवारी आली तर विचारूच नका, तसले मुहूर्त वर्षात एखाद-दोन.

आता तर अटेम्प्ट वर्षातून तीन झालेत, जानेवारी, मे, सप्टेंबर. दिवाळी सुटली म्हणून पोरं खूश, पण सप्टेंबर म्हणजे पेठांमधे गणपती, खिडकीखाली ढोल आणि वर खोलीत डिफर्ड टॅक्स. मला विचाराल तर दिवाळी परवडली.

तर मी तास मोजले होते. खरोखरचे. एका बँकेने फुकट दिलेल्या डायरीत, क्लायंटची टाइमशीट भरतात तसे, पंधरा-पंधरा मिनिटांच्या हिशोबाने, चहाला उठले की घड्याळ बंद. मे 2011, फायनलचा पहिला ग्रुप, तेव्हा चार पेपर असायचे. एकूण भरले 1040 तास. जुलैत निकाल लागला, चारही पेपरात चाळीसच्या वर, बेरीज 197. पाहिजेत 200. दोन्ही ग्रुप एकत्र दिले असते तर दुसऱ्याने कदाचित तीन मार्क उसने दिले असते, पण मी शहाणी, एकच दिला होता, नीट अभ्यास व्हावा म्हणून.

त्या रात्री झोप येईना, तर कॅल्क्युलेटर घेतला. 1040 भागिले 197, म्हणजे एका मार्काला पाच तास सतरा मिनिटं, तीन मार्कांना पंधरा तास पन्नास मिनिटं. मग डायरीत ते पंधरा तास पन्नास मिनिटं कुठे गेले ते शोधत बसले आणि फार शोधावं लागलं नाही. 24 मार्च, ऑस्ट्रेलिया. 30 मार्च, मोहालीत पाकिस्तान. 2 एप्रिल, वानखेडे. तिन्ही दिवशी पान कोरं, आणि 3 एप्रिलपुढे फक्त 'घसा बसलाय' एवढंच लिहिलेलं. तीन मार्क, तीन मॅच. हिशोबाने दोनच सोडल्या असत्या तरी जेमतेम जमलं असतं. क्वार्टर फायनल एक वेळ सोडली असती. पण दुसरी कुठली? धोनीने तो सिक्स मारला तेव्हा बाबा सोफ्यावर उभे राहिले होते, बाबा, जे सोफ्यावर पाय ठेवला तर आम्हाला ओरडायचे. ती मी ऑडिटच्या रिव्हिजनसाठी सोडायची?

नोव्हेंबरमधे तोच ग्रुप निघाला. तेव्हा तास मोजले नाहीत, डायरी संपली होती. किती केले कुणास ठाऊक. डब्ल्यूडीव्हीने, म्हणजे दरवर्षी उरलेल्या किमतीवर टक्का लावून, डेप्रिसिएशन (घसारा) काढलं तर मालमत्ता कधीच शून्य होत नाही म्हणतात, मला येणारं स्टँडर्ड कॉस्टिंग मात्र झालंय.

चहा घेऊन ती परत आली. "मॅडम, किती करू मग?"

"दहा," म्हटलं. दहाच का, विचारू नका, तोंडातून गेलं.

तिने सेल बदलला. खालचं सगळं सरसर बदललं, एकूण 1650, पेपरमागे 275. त्या 275 कडे ती जरा वेळ बघत बसली. मग म्हणाली, "नको मॅडम, बाराच ठेवते."

ठेव बाई. सुरू कधी करतेस?

तिने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. "इथलं गुरुवारी संपतंय ना... मग शुक्रवार, शनिवार... सोमवारपासून."