यादीतलं शेवटचं नाव

रक्षाबंधनाच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे १० ऑगस्ट २०२५ च्या रविवारी, दुपारी जरा डोळा लागतोय तोच हॉलमधून आवाज आला, "गुडघा दिवाळीपर्यंत काही बरा होत नाही." मी उठूनच बसले. दादा आदल्या दिवशी राखीसाठी आला होता, आतल्या खोलीत घोरत होता, आणि त्याच्या गुडघ्याबद्दल मला कोणी काही सांगितलं नव्हतं. बाहेर येऊन बघते तर भाचा आणि त्याचे चार मित्र फरशीवर पालथे पडलेले. गुडघा अर्जेंटिनाचा निघाला. लिसांद्रो मार्तिनेझ, मँचेस्टर युनायटेड या इंग्लंडातल्या फुटबॉल क्लबचा बचावपटू. फेब्रुवारीत लिगामेंट फाटलेलं.

"अरे, मग आता चालतो का तो?" मी विचारलं.

"आत्या, नारळीभात उरलाय का?" भाच्याने विचारलं.

एरवी ही मंडळी कॉलेज रोडच्या टपरीवर असतात, पण त्या दिवशी पावसाची पिरपिर चालू होती. भाचा इंजिनिअरिंगला आहे आणि माझ्याकडे राहतो. पाचांतले चार युनायटेडवाले, एक आर्सेनलवाला. आर्सेनलवाल्याला का आणतात, तर त्याच्याकडे गाडी आहे. मध्ये पसरलेला होता कालनिर्णयाएवढा एक कागद. खतांच्या दुकानातून मिळालेल्या कॅलेंडरचं जुलैचं पान, उलटं करून. त्यावर पेनाने आखून युनायटेडची सगळी टीम मांडली होती आणि प्रत्येक नावापुढे दहापैकी मार्क. पाच दिवसांवर सीझन आलेला.

मी मॅच बघत नाही. नव्वद मिनिटं एका जागी बसून एक-शून्य बघायचं, आणि तो एकही मी चहा ठेवायला उठले की व्हायचा, हे मला जमत नाही. पण यादी दिसली की मी थांबते. लग्नपत्रिकेत 'आपले विनीत'च्या खालची बारीक अक्षरातली सगळी नावं मी वाचते. मतदान केंद्राबाहेर टेबलावर यादी ठेवलेली असते, तिच्यात आपलं नाव सापडल्यावरही पुढची दोन पानं चाळते. तेव्हा हातातला डबा तसाच धरून मी वाकले.

पोरांनी मग मला परिस्थिती समजावून सांगितली. मागच्या सीझनला युनायटेड पंधरावी आली. वीस टीममध्ये. ३८ मॅचमध्ये गोल किती, तर ४४. म्हणून यंदा पुढच्या फळीत तीन नवे आणले होते: कुन्हा, एंब्यूमो आणि आदल्याच दिवशी सही झालेला शेश्को. तिघांचे मिळून साधारण २० कोटी पौंड. हा आकडा भाचा अशा सुरात सांगत होता, जणू चेकवर सही त्याची होती. याच मुलाला मेसचे पैसे द्यायला लागू नयेत म्हणून तो माझ्याकडे राहतो.

"पण सहा नंबर नाही," चष्मेवाला खिन्नपणे म्हणाला.

मी कागदावर बोट ठेवलं. "हा काय सहा. तुमचा गुडघेवालाच की."

ते हसून लोळले. सहा नंबर म्हणजे पाठीवरचा नंबर नव्हे. सहा नंबर म्हणजे मिडफील्डमध्ये बचावाच्या पुढे उभा राहणारा, येणारं सगळं आडवणारा माणूस. म्हणजे सहा नंबरचा शर्ट एकाकडे आहे, सहा नंबरचं काम करायला कोणी नाही. मला यात हसण्यासारखं काही वाटलं नाही. मी तीस वर्षं ऑफिसात काढली आहेत.

मार्कांवरून भांडणं सुरू झाली. कासेमिरोला एक जण आठ देत होता, दुसरा म्हणत होता, त्याच्या वयात माझे बाबा दोन जिने चढून दम खातात. (कासेमिरो तेव्हा ३३ वर्षांचा. बाबांचं वय मी विचारलं नाही.) गोलकीपरपाशी तर सगळे गप्पच झाले, मयताला आल्यासारखे. आर्सेनलवाला तेवढा नारळीभात खात शांत बसला होता. लागोपाठ तीन वर्षं दुसरा नंबर आलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर एक वेगळीच शांतता असते.

हे अंदाज बांधणं आम्हा नाशिककरांना काही नवीन नाही. ऑगस्टात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की गावातल्या गावात फोन सुरू होतात, गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत आलंय? घोट्यापर्यंत म्हणजे काही नाही, कमरेपर्यंत म्हणजे दुकानदारांनी माल वर घ्यायचा, छातीपर्यंत म्हणजे सगळ्यांनी बघायला जायचं. माझे सासरे निफाडकडचे. ऑक्टोबर छाटणीनंतर काडीवर घड दिसायला लागले की बागेत एक चक्कर मारून मोजायचे, आणि ओट्यावर बसून त्या वर्षीच्या द्राक्षांचा सगळा हिशोब सांगायचे, कर्ज किती फिटेल इथपर्यंत. मग कधी अवकाळी यायचा, कधी गारा. पुढच्या छाटणीला सासरे परत मोजायला हजर.

तर यादी. मोजून पाहिलं तर नावं तीसच्या वर भरत होती. मी म्हटलं, एवढे कसे चालतील? तेव्हा भाच्याने नियम सांगितला. प्रीमिअर लीगमध्ये, म्हणजे त्या वीस टीमच्या स्पर्धेत, २५ जणांचीच यादी द्यायची. त्यात बाहेरचे जास्तीत जास्त १७. उरलेले घरचे, आणि घरचे म्हणजे तिथे जन्मलेलेच असं नाही. एकविसाव्या वर्षाच्या आत तीन वर्षं तिथल्या क्लबात काढली की घरचा. (भाच्याला माझ्याकडे दोन झाली आहेत.) "आणि एकवीसच्या आतले यादीत धरतच नाहीत," तो म्हणाला. "मेनू, योरो, डोर्गू. खेळू शकतात, पण मोजायचे नाहीत."

"म्हणजे कच्चं लिंबू," मी म्हणाले.

यावर त्यांना बरंच हसू आलं, कारण त्यांतल्या योरोला पाच कोटी पौंडांहून जास्त मोजून आणलंय म्हणे. असेल. खेळू शकतो पण मोजत नाहीत, त्याला आमच्या गल्लीत कच्चं लिंबूच म्हणायचे, आणि मला ते नक्की माहीत आहे, कारण ते लिंबू मी होते.

आमचा वाडा सोमवार पेठेत होता. खेळायला गोदेकाठी गौरी पटांगणावर जायचं, बुधवार सोडून, कारण बुधवारी आठवडे बाजार. परीक्षा संपल्याच्या संध्याकाळी दादा शंभर पानी वही काढायचा आणि मे महिन्याची टीम लिहायला बसायचा. मॅच कोणाशी, तर वरच्या गल्लीतल्या पोरांशी, आणि ती ठरायच्या कितीतरी आधी. टीम मात्र लिहून तयार. उभ्या रेघा मारून रकाने. बॅटिंग, बोलिंग हे तर झालंच. तिसरा रकाना 'बॅट स्वतःची?' चौथा 'पोहता येतं का?' कारण बॉल दिवसातून चारदा नदीत जायचा, आणि नुसती बॅटिंग येणाऱ्या मुलापेक्षा पाण्यात उडी मारणारा मुलगा टीमला जास्त लागायचा. पाचवा रकाना 'हाक किती वाजता'. सहाच्या आत ज्याची आई हाक मारते तो ओपनिंगला, म्हणजे आऊट होऊन वेळेत घरी. आज ही पोरं कोण किती मिनिटं टिकेल याचं गणित मांडतात, ते दादाने रेघोट्या मारून कधीच मांडलं होतं.

त्या वहीत पोहणारा एक मुलगा होता, डावखुरा, शेजारच्या वाड्यातला. त्याला बॅट धरता यायची नाही. दादाने त्याला दहावा लिहिला होता आणि चौथ्या रकान्यात तीन टिंबं दिली होती. हॉटेलांना हल्ली स्टार देतात तशी. बॉल पाण्यात पडायच्या आधी तो शर्ट काढून तयार असायचा.

आणि सगळ्यात खाली, रकान्यांच्या बाहेर, माझं नाव. पुढे कंसात 'क. लिं.'

कच्च्या लिंबाचे नियम सांगत नाही, तुम्हीही कधीतरी होतातच. फिल्डिंग विकेटकीपरच्याही मागे, पायऱ्यांपाशी. शेवटी बॅटिंग, आऊट झालं तरी आऊट नाही. फक्त दादाच्या राज्यात पोटनियम होता की रनही धरायचे नाहीत. एका मे महिन्यात, वरच्या गल्लीविरुद्ध, आम्हाला तीन रन हवे होते आणि सगळे आऊट झाले होते. मी बॅट घेतली. डोळे मिटले असावेत, कारण मला फक्त आवाज आठवतो. बॉल थेट कुंडाच्या दिशेने गेला. चार! मी नाचले. मग दादाने वही काढली, वरच्या गल्लीच्या कॅप्टनला वहीतला कंस दाखवला आणि स्वतःच मान्य केलं की आपण हरलो. एवढा प्रामाणिक माणूस मी पुन्हा पाहिला नाही, आणि त्या रात्री मी त्याच्या ताटातली कुरडई चोरून खाल्ली.

कागदावर पोरांचं अजून चालूच होतं. मी अगदी खालचं नाव वाचलं. टॉम हीटन. पुढे मार्क नाहीत, नुसती आडवी रेघ.

"हा कोण?"

"तिसरा गोलकीपर," भाचा म्हणाला. "त्याला कशाला मार्क? तो खेळतच नाही."

मग मी हीटनच्या मागेच लागले. फोन घेऊन बसायला लावलं एकाला. तर हा गृहस्थ तेव्हा ३९ वर्षांचा. युनायटेडच्याच अकादमीत तयार झालेला, पण मोठ्या टीमकडून एकही मॅच न खेळता २०१० मध्ये बाहेर पडला. बर्नलीला जाऊन कॅप्टन झाला, इंग्लंडकडूनही खेळला. आणि २०२१ मध्ये परत आला, तिसरा गोलकीपर म्हणून. चार वर्षांत युनायटेडकडून बोटांवर मोजण्याइतक्या मॅच, त्यात लीगची एकही नाही. रोज सकाळी उठायचं, ग्लोव्ह्ज चढवायचे, बाकीच्यांचे शॉट अडवायचे, शनिवारी कोट घालून बसायचं. आणि त्या उन्हाळ्यात त्याने आणखी एक वर्षाचा करार केला होता.

त्याहून पुढचं ऐका. २०२४ च्या युरो स्पर्धेला इंग्लंडने २६ जणांची यादी दिली. हीटन त्या यादीत नव्हता. तरी तो टीमबरोबर होता, सराव करून घेणारा गोलकीपर म्हणून. मोजायचा नाही, पण न्यायचा.

"एवढा पगार मिळाला तर मीपण बसेन कोट घालून," चष्मेवाला म्हणाला. बरोबर आहे त्याचं. माझ्या डोक्यात मात्र पगार नव्हता. पायऱ्यांपाशी उभं राहायला मला कोणी पैसे देत नव्हतं आणि तरी दादाने हाक मारायच्या आधी मी चपला घालून दारात असायचे. का, ते त्या दुपारी मला अगदी लख्ख कळल्यासारखं झालं होतं. तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली, आणि आता लिहायला बसले तर आठवत नाही.

पोरांनी शेवटी बेरीज केली. टीम पहिल्या सहांत येणार असं चार विरुद्ध एक मताने ठरलं. पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकते, म्हणजे मधे मधे विचारायला नको. पहिल्याच मॅचला घरच्या मैदानावर आर्सेनलकडून एक-शून्य. आणि गणपती बसले त्याच रात्री, आरत्या-मोदक आटोपून पोरं साडेबाराला टीव्हीसमोर बसली, तर चौथ्या पायरीवरच्या लीगमधल्या ग्रिम्सबी टाऊन नावाच्या टीमने लीग कपातून पेनल्टीवर घरी पाठवलं. १२-११. शेवटची पेनल्टी नव्या एंब्यूमोने आडव्या खांबावर मारली. मी मखरातली समई नीट करायला उठले होते. हॉलमध्ये चार जण आणि गणपती, सगळे समोर बघत स्तब्ध. आर्सेनलवाल्याने तेवढे मोदक संपवले.

पण हे पुढचं. त्या रविवारी संध्याकाळी पोरं गेल्यावर दादा उठून आला, डोळे चोळत. मनगटावर राखी तशीच. चहा देताना मी विचारलं, "दादा, ते चार रन आठवतात का रे? वरच्या गल्लीविरुद्धचे?"

मला वाटलं, विचारेल, कोणते?

"आठवतात की," दादा म्हणाला. "पण ते चार नव्हतेच. बॉल टप्पा न पडता पाण्यात गेला होता. डायरेक्ट पाण्यात गेला की आऊट, हा आपला नियमच होता."

"मी कच्चं लिंबू होते. मला आऊट कसं देशील?"

दादाने बशीत चहा ओतला, फुंकर घातली, विचार केला. बासष्ट वर्षांचा माणूस, गंभीरपणे.

"आऊट नाहीच दिलं," तो म्हणाला. "आणि रनही नाही दिले. म्हणून तर तुला रकान्याच्या बाहेर लिहायचो ना."

खाली पडलेलं जुलैचं पान त्याने उचललं, वरपासून खालपर्यंत नीट वाचलं, आणि हीटनच्या रेघेपाशी थांबून विचारलं, "ह्याला पोहता येतं का?"