तेजपूरची 17 जानेवारी

वडील वायुदलात, त्यामुळे माझी शाळेची चार वर्षं आसामातल्या तेजपूरला गेली. संक्रांतीच्या सुमारास तिकडे माघ बिहूचा सण असतो. आई आमच्या बाइदेउंना, म्हणजे बाईंना, तिळगूळ पाठवायची आणि डबा परत यायचा तो तीळपिठ्यांनी, म्हणजे तीळ भरलेल्या तांदळाच्या गुंडाळ्यांनी, भरून. तेव्हाच शाळेत शिल्पी दिवसाची, म्हणजे कलाकार दिनाची, धांदल चाललेली असे.

तो 17 जानेवारीला, कवी आणि चित्रपटकार ज्योतिप्रसाद आगरवाला यांच्या स्मृतिदिनी असतो. 1951 साली ते तेजपुरातच गेले. तिथे त्यांना 'रूपकोंवर', म्हणजे सौंदर्याचा राजकुमार, म्हणतात. सकाळच्या धुक्यात मैदानाचं दुसरं टोक दिसत नसे. फोटोला पांढरा-लाल गामोसा, म्हणजे तिकडचा मानाचा हातमागाचा पंचा, समोर पणती, आणि थंडीने आखडलेल्या बोटांनी पेटी वाजवणारी आमच्याच वर्गातली मुलगी.

समूहगीतात मला उभं केलं, पण असमिया 'स' काही जमेना. तो ख आणि ह यांच्या मधला, घशातून घासत येणारा. बाइदेउंनी माझा हात धरून स्वतःच्या गळ्यावर ठेवला आणि 'असम' म्हटलं. बोटांना ती थरथर कळली. मग जमलं.

गाणी झाली की बाइदेउ बोलायच्या. भोलागुरीच्या चहामळ्यात ज्योतिप्रसादांनी 'चित्रबन' स्टुडिओ उभारला आणि 1935 मध्ये 'जयमती' हा पहिला असमिया बोलपट आणला. अर्ध्या चित्रपटाचा आवाजच नोंदला गेला नव्हता, तेव्हा पुरुषांचे आणि बायकांचेही संवाद त्यांनी स्वतः म्हटले. नायिका आइदेउ हांदिक. पडद्यावर परक्या पुरुषाला नवरा म्हणून हाक मारली, म्हणून तिचं कधी लग्नच होऊ शकलं नाही. इथे बाइदेउंचा आवाज दर वर्षी बसायचा. मला अजूनही वाटतं, त्या चित्रपटाची सगळ्यात मोठी किंमत त्या मुलीने मोजली.

स्वातंत्र्यलढ्यात ज्योतिप्रसादांनी 15 महिन्यांचा तुरुंगवास भोगला, 1942 मध्ये ते भूमिगत झाले. त्याच सप्टेंबरात गोहपूरला तिरंगा घेऊन निघालेली कनकलता बरुआ गोळीला बळी पडली. ती जेमतेम 17 वर्षांची होती. हे ऐकताना आमच्या दहावीच्या मुली अगदी ताठ बसायच्या.

आता मी साताऱ्यात असते. संक्रांतीचा तिळगूळ वळताना ती गाणी आपसूक ओठांवर येतात. परवा लेकीने विचारलं, "आई, तू 'स' असा का म्हणतेस?" मी तिचा हात धरून माझ्या गळ्यावर ठेवला.