अण्णा साळुंके कोणत्या यादीत?

ग्रँट रोडवरच्या उपाहारगृहात आचारी असलेल्या अण्णा साळुंके यांना दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये (१९१३) तारामती केले आणि ‘लंकादहन’मध्ये (१९१७) राम व सीता या दोन्ही भूमिका त्यांच्याकडेच सोपवल्या. आयएमडीबी या चित्रपटांची माहिती देणाऱ्या संकेतस्थळाच्या पद्धतीनुसार सीता साकारणारे साळुंकेही ‘अभिनेता’ याच मथळ्याखाली येतात, आणि ‘कालिया मर्दन’मध्ये (१९१९) कृष्ण झालेली फाळक्यांची कन्या मंदाकिनी ‘अभिनेत्री’ ठरते. म्हणजे मथळ्यावरून कलावंत स्त्री की पुरुष एवढेच कळते. भूमिका कोणती, हे नावापुढच्या बारीक अक्षरांत शोधावे लागते.

या विभागणीचे मूळ त्या संकेतस्थळाच्या जन्मात आहे. १९९०च्या सुमारास यूझनेट या जुन्या संगणकीय चर्चामंचावरच्या चित्रपटप्रेमींनी अभिनेत्रींची एक यादी, नटांची दुसरी आणि दिग्दर्शकांची तिसरी, अशा वेगवेगळ्या याद्या हौसेने सांभाळल्या होत्या आणि कॉल नीडहॅम यांनी त्या एकत्र शोधता येतील अशी सोय केली. पुढे १९९८ मध्ये ॲमेझॉनने तो व्यवसाय विकत घेतला, तरी मूळ याद्यांची शीव पुसली गेली नाही. टीएमडीबी या तशाच दुसऱ्या संकेतस्थळावर मात्र ‘अभिनय’ हा एकच विभाग असून लिंगाची नोंद वेगळ्या रकान्यात होते, आणि मला ही रचना अधिक प्रामाणिक वाटते.

खरी पंचाईत होते ती पार्श्वगायनाची. व्यंगचित्रपटात एखाद्या उंदराला आवाज देणारा नट कलावंतांच्या यादीतच असतो, फक्त भूमिकेपुढे कंसात ‘आवाज’ असा शेरा पडतो. ‘पिंजरा’मध्ये (१९७२) संध्या यांनी साकारलेल्या चंद्रकलेचा गाण्यांतला आवाज उषा मंगेशकर यांचा आहे, तो वजा केला तर चंद्रकला किती उरते? तरीही असा आवाज सहसा ‘संगीत विभाग’ किंवा ‘साउंडट्रॅक’ या मथळ्याखाली, पात्रापासून दूर जाऊन बसतो. गाणे हा पात्राचाच भाग असतो, ही आपल्याकडची साधी समजूत त्या आराखड्यात कुठेच नाही. (‘साउंडट्रॅक’ या एकाच पेटीत गायक, गीतकार आणि संगीतकार कोंबलेले असतात, ही तक्रार आणखी वेगळी.)

एक सोय मात्र मला मनापासून आवडते, ती म्हणजे ‘या नावाने’ हा शेरा. लता मंगेशकर यांनी ‘राम राम पाव्हणं’ला स्वतःच्या नावाने संगीत दिले आणि ‘मोहित्यांची मंजुळा’पासून (१९६३) ‘आनंदघन’ हे नाव घेतले. अशा वेळी पडद्यावर झळकलेले नाव जसेच्या तसे राखूनही श्रेय मूळ व्यक्तीच्या खात्यावर जमा करता येते. मात्र ‘पहिली मंगळागौर’मध्ये (१९४२) भूमिका करणारी त्याच लताबाईंची बालमूर्ती पाहायची, तर गायनाची लांबलचक यादी ओलांडून ‘अभिनेत्री’ हा मथळा शोधत जावे लागते.