ड्रम तयार, पण वाळवायचं यंत्र मिळेना: माझा अनुभव

बारा आठवडे. नखाएवढी चिप द्रवातून काढून कोरडी करायला मला एवढा वेळ लागला. प्रत्यक्ष काम तासाभराचं होतं, बाकीचे सगळे दिवस एका फॉर्मने खाल्ले. राग अजून गेलेला नाही. पण माझ्यामागून हेच काम करणाऱ्यांचे आठवडे तरी वाचावेत, म्हणून लिहिते आहे. संस्थेचं नाव घेत नाही.

आधी काम काय ते सांगते. सुपरकंडक्टिंग क्यूबिट, म्हणजे विजेला रोध न करणाऱ्या धातूच्या सर्किटमधली क्वांटम संगणकाची एककं, मायक्रोवेव्हमध्ये बोलतात, साधारण ५ गिगाहर्ट्झला. त्यांच्या खास अतिथंड फ्रिजच्या आत १०-२० मिलिकेल्विनला, म्हणजे निरपेक्ष शून्याच्या जेमतेम वर, ठीक, पण खोलीच्या तापमानाला त्या वारंवारतेवर उष्णतेचेच बाराशेएक फोटॉन (लहरीतल्या ऊर्जेचे सुटे कण) असतात. एकट्यादुकट्या फोटॉनचा निरोप त्या गोंगाटात कुठे ऐकू येणार? म्हणून दूर पाठवायचा तर तो प्रकाशात उतरवावा लागतो. फायबरमधला प्रकाश १९३ टेराहर्ट्झचा, म्हणजे वारंवारता जवळजवळ चाळीस हजार पट. या दोघांमध्ये दुभाषी म्हणून थरथरणारी एखादी सूक्ष्म वस्तू ठेवतात, कारण तिला मायक्रोवेव्हही ढकलतं आणि प्रकाशही. अमेरिकेत कोलोराडोच्या जिला संस्थेत २०१४ साली सिलिकॉन नायट्राइडच्या पडद्याने हे दोन्ही दिशांनी करून दाखवलं. आमचा टप्पा त्याच्या अलीकडचा आहे: ॲल्युमिनियमचा ड्रम वापरून एका मायक्रोवेव्ह वारंवारतेवरचा सिग्नल दुसरीवर नेणं.

ड्रम म्हणजे १५ मायक्रॉन व्यासाची, १०० नॅनोमीटर जाडीची चकती. तिच्याखाली ॲल्युमिनियमचाच दुसरा थर आणि मध्ये अगदी बारीक फट. चकती हलली की कपॅसिटन्स (विद्युतभार साठवायची क्षमता) बदलतो, आणि त्याबरोबर सर्किटची वारंवारता. ती फट ठेवण्यासाठी मध्ये पॉलिमरचा थर घालून नंतर तो विरघळवतात. लिथोग्राफी (प्रकाशाने वगैरे नक्षी उमटवणं), धातूचे थर, सगळं सुरळीत झालं. पॉलिमरही विरघळला.

अडलं ते वाळवण्यापाशी. ओली स्टीलची ताटं एकात एक बसली की सुटता सुटत नाहीत, तसंच इथे होतं. द्रव उडून जाताना त्याचा पृष्ठताण ड्रमला खाली ओढतो, आणि एकदा खाली टेकलेला ड्रम पुन्हा उठत नाही. यावर उपाय क्रिटिकल पॉइंट ड्रायर. त्यात चिप ज्यात बुडवलेली असते त्या आयपीएच्या (आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या) जागी द्रवरूप कार्बन डायऑक्साइड भरतात आणि ३१ अंश सेल्सिअस व ७३ वातावरण दाबाच्या वर नेतात. तिथे द्रव आणि वायू यांतली सीमाच उरत नाही, त्यामुळे ओढायला कुणी नसतं.

यंत्र आमच्याच इमारतीत, काचेपलीकडे दिसणारं. ते वापरायला सुरक्षा समितीची मंजुरी लागते आणि समिती महिन्यातून एकदा बसते. फॉर्ममध्ये एक रकाना होता: ‘नमुन्याबरोबर येणारी रसायने’. मी पॉलिमर काढायच्या द्रावणाचं बाजारातलं नाव लिहिलं. तीन आठवड्यांनी फॉर्म परत आला, वर एक ओळ: पूर्ण रासायनिक नाव आणि सीएएस क्रमांक (प्रत्येक रसायनाचा ठरलेला ओळख क्रमांक) नाही. ही ओळ लिहायला तीन आठवडे! दुरुस्त करून दिला, तर पुढच्या बैठकीतून पुन्हा परत, कारण गाईडची सही स्कॅन केलेली होती. सर तेव्हा परदेशी होते. ते आल्यावर शाईची सही घेतली, तर बैठकच पुढे गेली. मी कार्यालयात जाऊन उभी राहिले की एकच उत्तर मिळायचं, “मॅडम, फाइल पुढे गेलीये. आता कमिटी बसली की होईल.”

इथे माझी चूक सांगते, कारण ती तुम्ही करू नये. मंजुरी येईलच या भरवशावर मी ड्रम आधीच मोकळे करून बसले होते. मोकळा झालेला ड्रम क्षणभरही कोरडा पडून चालत नाही. त्यामुळे चिपा दोन बीकरमध्ये आयपीएत बुडवलेल्या. भिजत घोंगडं म्हणतात ते माझ्या टेबलावर खरोखरच ठेवलेलं होतं. रोज सकाळी आयपीएची पातळी बघायची, घट झाली की भर घालायची. दिवाळीला चार दिवस साताऱ्याला गेले. परत आले तर एक बीकर कोरडा. सहाच्या सहा चिपांचे ड्रम तळाला चिकटलेले. त्या दिवशी मला रडू आवरलं नाही.

म्हणून: फॉर्म भरा तो पहिला थर चढवण्याआधी. पॉलिमर काढू नका, यंत्राची तारीख हातात आल्यावरच काढा. आयपीए घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटलीत ठेवा, बीकरमध्ये नाही. आणि हो, उंची मोजायला सुईचा प्रोफायलोमीटर ड्रमला लावू नका, प्रकाशाने मोजणारा वापरा.

मंजुरी आली त्याच दुपारी उरलेल्या चिपा वाळवल्या. यंत्र सांभाळणारे काका शेजारी उभे होते. “पोरी, दाब सोडताना घाई करू नकोस,” एवढंच म्हणाले. प्रोफायलोमीटरखाली ड्रम वर फुगलेले दिसले. खोलीच्या तापमानाला ते तसेच दिसायला हवेत. थंड होताना ॲल्युमिनियम सिलिकॉनपेक्षा जास्त आकसतं आणि ड्रम ताणून सपाट होतो.

फ्रिज खाली जायला दोन दिवस लागले. १.२ केल्विनखाली ॲल्युमिनियम सुपरकंडक्टर झालं आणि सर्किटचा रेझोनन्स व्हीएनएवर (सर्किटचा प्रतिसाद मोजणाऱ्या यंत्रावर) टोकदार दिसला. मग पंप, म्हणजे जोरकस मायक्रोवेव्ह सिग्नल, लावला आणि स्पेक्ट्रम ॲनालायझरवर त्याच्यापासून १० मेगाहर्ट्झच्या आसपास एक बारीकसं शिखर उभं राहिलं: ड्रमची स्वतःची थरथर. २० मिलिकेल्विनलाही त्यात उष्णतेचे चाळीसेक फोनॉन (थरथरीच्या ऊर्जेचे सुटे कण) असतात. निस्ट या अमेरिकेतल्या मोजमाप-मानकांच्या संस्थेतल्या गटाने २०११ साली अशाच ड्रमला मायक्रोवेव्हने थंड करून ०.३४ फोनॉनपर्यंत आणलं होतं. आम्हाला अजून तिथवर जायचं आहे, मग दुसरी वारंवारता जोडायची. पण ते शिखर मी रात्री दोन वाजता पाहिलं आणि सकाळपर्यंत तिथून हलले नाही.

ड्रायरची मंजुरी वर्षभरच चालते. ती संपायला अजून चार महिने आहेत. नूतनीकरणाचा फॉर्म काल दिला, सीएएस क्रमांकांसकट, शाईच्या सहीचा.