आधी गाणारा

तिकिटावर ज्याचं नाव ठळक छापलेलं असतं, त्याच्यासाठी मी हल्ली जातच नाही. त्याच्या आधी कोण गाणार आहे ते बघते. ते नाव पोस्टरच्या तळाशी, प्रायोजकांच्या चिन्हांच्या जरा वर, बारीक अक्षरात असतं. कधी कधी तेही नसतं. आठची वेळ दिलेली असते. साडेआठला कुणीतरी पोरगं किंवा पोरगी गिटार घेऊन स्टुलावर येऊन बसतं, ‘माइक चालू आहे ना?’ असं विचारतं आणि लोक खुर्च्या ओढत, बिअर मागवत, ‘अरे इकडे, इकडे’ करत असतानाच गायला लागतं. मी त्या अर्ध्या तासाची गिऱ्हाईक.

घरी हे पटत नाही. “ज्याला कुणी ओळखत नाही त्याला ऐकायला चारशे नव्व्याण्णव रुपये?” हा नवऱ्याचा ठरलेला प्रश्न. चारशे नव्व्याण्णवच का, एवढंच मला नीट सांगता येतं: ५०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी नाही, वर गेलं की १८ टक्के. छोट्या कार्यक्रमांचा सगळा हिशोब त्या आकड्याच्या अलीकडे अंग चोरून बसलेला असतो.

पुणेकराला खरं तर यात नवल वाटायला नको. भीमसेन जोशींनी १९५३ साली सुरू केलेल्या सवाई गंधर्व महोत्सवात दुपारी पहिल्यांदा नवा गायक बसतो तेव्हा मांडवात जागाच जागा असते. ऑफिसवाले यायचे असतात, आलेले खाण्याच्या स्टॉलवर असतात. काही खवचट जाणकार मात्र नेमके तेव्हाच येऊन पुढे बसतात आणि मग पुढची वीस वर्षं ‘आम्ही त्याला तेव्हा ऐकलाय’ असं सांगत फिरतात. या फुशारकीत मीही मागे नाही. २०१९ च्या शेवटी बराक ओबामांच्या आवडत्या गाण्यांच्या यादीत प्रतीक कुहाडचं गाणं आलं, तेव्हा आमच्या ग्रुपवर ‘हा कोण?’ असे मेसेज पडले. जयपूरचा हा मुलगा त्याआधी कित्येक वर्षं छोट्या छोट्या जागांत गात होता. मी फक्त एक हसरा चेहरा पाठवला. तेवढा पुरतो.

ताबा चाकेही मला असाच भेटला. अरुणाचलातला, न्यिशी समाजातला हा गायक मुंबईत राहून गाणी करतो; २०१९ साली त्याचा पहिला मोठा अल्बम आला. तो बोटांनी वाजवतो. अंगठा खर्जाच्या तारांवर ठेका धरून असतो आणि बाकीची बोटं वर चाल काढत असतात. फोनवर ऐकताना हे सगळं छान, गोड वगैरे वाटतं आणि आपण भाजी चिरत राहतो. दहा फुटांवरून बघितलं की जाणवतं, हे दोघांचं काम एकाच हाताने चाललंय आणि दोघं एकमेकांकडे बघतसुद्धा नाहीत. तार सोडून बोट दुसरीकडे सरकताना जो बारीक कर्र आवाज येतो, तोही ऐकू येतो. मग त्याने न्यिशीत गाणं म्हटलं. एक शब्द कळला नाही. शेजारच्या टेबलावर दोघंजण घराच्या कर्जाच्या व्याजदराबद्दल बोलत होते, ते मात्र बोलायचे थांबले. हिंदी गाण्यांना ते थांबले नव्हते.

बोलण्याचा हा त्रास फक्त आपल्याकडे आहे असंही नाही. २००९ साली लंडनमध्ये पबातल्या बडबडीला वैतागलेल्या काही मित्रांनी घराच्या दिवाणखान्यातच गाणी ठेवायला सुरुवात केली. सोफार नावाने तो प्रकार जगभर गेला, पुण्या-मुंबईतही आला. कोण गाणार ते सांगत नाहीत, पत्ता आदल्या दिवशी कळवतात, जमिनीवर बसायचं, गाणं चालू असताना बोलायचं नाही. सदाशिव पेठेतल्या एखाद्या आजोबांना हे सांगितलं तर ते म्हणतील, मग आम्ही काय करत होतो वाड्यात? पण आपलीच बैठक लंडनहून, नाव नोंदवून आली की आपण वेळेवर पोचतो.

या धर्तीवरचा एक घरगुती कार्यक्रम कर्वेनगरात तिसऱ्या मजल्यावर होता. सोफा गॅलरीत उभा करून ठेवलेला, दाराबाहेर चपलांचा ढीग, माइक नाहीच. एक गिटारवाला आणि सोबत कहोनवाला. म्हणजे ज्या लाकडी खोक्यावर बसायचं तेच पायांच्या मधून वाजवायचं. तिसऱ्या गाण्यात एक अगदी हळू जागा होती. गाणाऱ्याने डोळे मिटले, आवाज अगदी खाली आणला आणि शेजारच्या फ्लॅटमधला कुकर सणसणीत वाजला. तो थांबला. “डाळ असेल,” म्हणाला, “तीन शिट्ट्या होऊ द्या.” स्वयंपाकघराच्या दारातून घरच्या काकू म्हणाल्या, “नाही रे बाळा, शनिवारी त्यांच्याकडे राजमा. तो बराच वेळ चालतो. तू गा.” तो गायला. पुढची शिट्टी आली ती कहोनवाल्याने बरोब्बर समेवर धरली आणि अख्ख्या खोलीने ‘क्या बात है’ केलं. ते गाणं मी नंतर शोधून ऐकलं. शिट्टीशिवाय ते जरा अळणीच आहे.

हे कौतुक थोडं आवरतं घेते. आधी गाणारे बरेचदा बेताचेच असतात. कॅपो, म्हणजे गिटारच्या मानेवर लावायचा चिमटा, तिसऱ्या पडद्यावर; विषय ब्रेकअप, हिमाचल किंवा पाऊस. दोन गाण्यांच्या मध्ये ‘हे मी फार कठीण काळात लिहिलं’ असं सांगणाऱ्याचं वय बावीस असतं. कोथरूडमध्ये वाढलेली मुलगी इंग्रजीत गायला लागली की तिचे उच्चार कॅलिफोर्नियातून का येतात, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. पण समोर बसलं की गाणं पुढे ढकलता येत नाही. बोट आहे, बटण नाही. नाइलाजाने शेवटपर्यंत ऐकावं लागतं, आणि अशा गाण्यांत एखादी बरी ओळ असली तर ती बहुतेक शेवटच्या कडव्यातच असते. कारण पहिलं कडवं ऐकलेल्या गाण्यांवरून आलेलं असतं. ते संपल्यावरच यांना स्वतःचं काही सुचायला लागतं.

मराठीत असं कोण करतं, हा प्रश्न मला हमखास विचारतात. आहेत की. ‘अभंग रिपोस्ट’ संतांचे अभंग ड्रम आणि गिटारवर घेतात. ‘स्वदेसी’ या मुंबईच्या हिप-हॉप गटाने २०१९ साली आरेतल्या प्रकाश भोईरांना बरोबर घेऊन वारलींच्या जमिनीवर गाणं केलं. पण स्वतःचे शब्द, स्वतःची चाल आणि एक गिटार, एवढ्यावर मराठीत गाणारं पोरगं अशा जागी क्वचित दिसतं, आणि याचा दोष मी त्या पोरांना देणार नाही. आपल्याला गाणं ऐकायला बालगंधर्व लागतं. नंबर असलेली खुर्ची, मध्यंतर, मध्यंतरात बटाटावडा. संदीप खरे आणि सलील कुलकर्णी २००३ पासून स्वतःची नवी गाणी घेऊन गावोगाव गेले आणि लोकांनी ती डोक्यावर घेतली; पण नाट्यगृहात. पाठीमागे मिक्सर फिरतोय, समोर कुणी नाचोज खातंय, अशात मराठी कविता ऐकायची आपल्याला सवय नाही. आईला एकदा घेऊन गेले होते. तिने सगळं मन लावून ऐकलं आणि बाहेर पडताना विचारलं, “निवेदन कोण करत होतं?”

कार्यक्रम संपल्यावर दाराजवळ एक छोटं टेबल असतं. त्यावर स्टिकर, एखादा टी-शर्ट आणि लॅमिनेट केलेला क्यूआर कोड. तिथे थोडं थांबावं. कारण स्पॉटिफायने २०२४ पासून नियम केलाय की वर्षभरात १,००० वेळा ऐकलं न गेलेल्या गाण्याला रेकॉर्डिंगचा मोबदलाच नाही. म्हणजे घरी जाऊन मी भक्तिभावाने दोनदा ऐकलं तरी त्या पोराच्या हातात काही पडत नाही. शंभर रुपयांचा स्टिकर घेतला तर पडतं. आमच्या फ्रिजवर आता मॅग्नेटला जागा नाही.

परवाच्या कार्यक्रमाला आधी गाणारी मुलगी साताऱ्याची होती. जागा उघड्यावरची, झाडाखाली. तिचं एक गाणं होतं कपांवर: बघायला आलेली मंडळी निघून गेल्यावर टीपॉयवर राहिलेले पाच कप. एकात साय धरलेली, एकाला लिपस्टिक लागलेली, एकात पार्ले-जीचा तुटून पडलेला तुकडा. पोह्यांबद्दल एक शब्द नाही, म्हणून मला ती तिथेच आवडली. तिची चार गाणी झाली, ती गिटार म्यान करायला लागली, तेवढ्यात आयोजक धावत आले. मुंबईहून येणारा मुख्य बँड द्रुतगती मार्गावर घाटात अडकला होता. ‘अजून थोडं गा,’ म्हणाले. ती म्हणाली, “माझ्याकडे एवढीच आहेत.”

“मग वन्स मोअर!” मागून एक पिकल्या मिशीचे काका ओरडले. संगीत नाटकं बघितलेला माणूस असणार. तिने कपांचं गाणं पुन्हा घेतलं. या वेळी ध्रुवपदाला निम्मे लोक होते, अर्थात शब्द चुकवत. संपल्यावर काकांनीच विचारलं, “स्थळाचं काय झालं?”

“नकार आला.”

“आणि कप?”

“आहेत ना. परवा मावशी आली होती, त्यातच चहा दिला.”

मग तिने उरलेली तीनही परत म्हटली. बँड पोचला तेव्हा साडेनऊ होऊन गेले होते, साउंड लावण्यात आणखी वेळ गेला, आणि उघड्यावर दहानंतर स्पीकर लावता येत नाही. मोठ्या अक्षरातल्या नावाच्या वाट्याला तीन गाणी आली.