त्या सहा जणांविषयी, तुम्ही विचारलंत म्हणून

सोलापूरच्या पूर्व भागातल्या आमच्या युवा गटात चाळीस नावे असताना मी ठरावीक सहा जणांनाच सगळा वेळ का देते, हा प्रश्न पालकांनी, सहकाऱ्यांनी आणि गट सोडून गेलेल्या मुलांनीही मला इतक्यांदा विचारला आहे, की आता एकदा सविस्तर लिहिते.

पहिली दोन वर्षे मी नेमकी उलट वागत होते. जो आला नाही त्याच्या घरी जाऊन समजूत काढायची, आणि तोवर वेळेवर आलेली मुले कुलूप लावलेल्या खोलीच्या पायरीवर माझी वाट पाहत बसायची. त्यांतल्या एकाने विचारले, "ताई, आम्ही न चुकता येतो म्हणून आमच्याकडे बघायचं नाही का?" माझ्यापाशी उत्तर नव्हते. तेव्हापासून जे येतात त्यांच्यावरच मेहनत घ्यायची, असे मी ठरवले. याला पक्षपात म्हणणाऱ्यांनी कार्यक्रमानंतर सतरंज्या कोण गोळा करते, हे एकदा येऊन पाहावे.

तरीही एक गोष्ट मी आजवर कोणाला सांगितलेली नाही. स्वातंत्र्यलढ्यातले सोलापूरचे चार हुतात्मे मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि किसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिली गेली. त्या दिवशी आम्ही दर वर्षी पथनाट्य करतो. तीन वर्षांपूर्वी सूत्रधाराचे काम एका मुलीकडे होते. १९३० साली इंग्रजांनी सोलापुरात लावलेल्या मार्शल लॉचा, म्हणजे लष्करी अमलाचा प्रसंग ती अशा काही आवाजात सांगायची, की तालमीत शेजारचे लोक दारात येऊन उभे राहत. मात्र रविवारी सहाची तालीम असली, की ती पावणेसातला यायची. चौथ्या रविवारी मी सगळ्यांसमोर तिला म्हणाले, "ज्यांना वेळेची किंमत आहे, त्यांच्यासाठीच हा गट आहे," आणि तिचे काम त्या सहांपैकी एकीला दिले. तिने संवादांचे कागद बाकावर ठेवले आणि ती निघून गेली.

नाटक ठीक झाले. नंतर तिच्याकडे राहिलेली पांढरी साडी आणायला मी गेले, तोही रविवारच होता. आई आणि आजी सुपे मांडीवर घेऊन विड्या वळत होत्या, ती पाने कापत होती. सोमवारी सकाळी कारखान्यात द्यायचा माल रविवारी संध्याकाळीच पुरा करावा लागे, आणि आईची बोटे आखडू लागल्यापासून तिच्या वाट्याच्या विड्याही हीच वळत होती. साडी घडी घालून हातात देताना ती म्हणाली, "ताई, तुम्ही साडेसातला ठेवली असती, तर मी आले असते." तिच्या स्वरात तक्रार नव्हती. चार रविवारांत तिला एकदाही कारण विचारायचे मला सुचले नव्हते.

मी तालीम साडेसातला नेली. ती परत आली नाही.

निष्ठा मी घड्याळावर मोजत होते, हे मला मान्य आहे. मग दुसरे कोणते माप वापरायचे, असे माझे जुने मन विचारते, तेव्हा मात्र मी अडते. कारण चाळीस घरांतली चाळीस कारणे विचारत बसले, तर पायरीवरची ती मुले पुन्हा माझी वाट पाहत राहतील, आणि त्यांचाही माझ्यावर हक्क आहे. म्हणून आजही माझा बहुतेक वेळ त्या सहा जणांनाच जातो. तो चुकीच्या जागी जातो, असे मला वाटत नाही. पण त्या दारातून साडी घेऊन परतलेली मी हे पूर्वीसारखे ठामपणे सांगू शकत नाही.

गेल्या रविवारी त्या सहांतलाच एक मुलगा सलग तिसऱ्यांदा उशिरा आला. त्याला बाजूला घेऊन मी कारण विचारले. "काही नाही, ताई," एवढेच म्हणून तो तालमीला उभा राहिला. त्यापुढे त्याला काय विचारावे, हे मला अजून सुचलेले नाही.